भाड्याचं उत्पन्न कोणत्या हेडखाली दाखवायचं?

फ्लॅटचं भाडं 'धंद्याचं उत्पन्न' म्हणून दाखवलं तर रंगकाम, सोसायटीचा मेंटेनन्स, घसारा सगळं वजा होईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही होणार. आपल्या सोयीचं हेड, म्हणजे उत्पन्नाचा प्रकार, निवडायची मुभा आयकर कायदा देत नाही.

पूर्वी काही जण हा मार्ग काढायचे. २०२४ च्या दुसऱ्या वित्त कायद्याने तो बंद केला: राहण्यासाठीचं घर (निवासी जागा) मालकाने भाड्याने दिलं, तर ते उत्पन्न 'घरमालमत्ता' याच हेडखाली. आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून हे लागू आहे.

त्यात तोटाच आहे असंही नाही. समजा भाडं महिना २५,००० म्हणजे वर्षाला ३,००,०००. तुम्ही स्वतः त्या वर्षात भरलेली घरपट्टी १२,००० वजा केली की २,८८,००० उरले. त्यावर सरसकट ३० टक्के वजावट, ८६,४००. एकाही पावतीची गरज नाही. दुरुस्तीला दमडी खर्च केली नसली तरी मिळते. राहिले २,०१,६००. गृहकर्जाचं व्याज १,४०,००० असेल तर कर फक्त ६१,६०० वर. मेंटेनन्स आणि रंगकाम त्या तीस टक्क्यांतच आलं, पुन्हा वेगळं मागायचं नाही. घरपट्टी भाडेकरू भरत असेल तर तीही तुम्हाला वजा मिळत नाही. इथे बरेच जण फसतात.

दुकान किंवा ऑफिसचा गाळा स्वतःचा असेल तरी साधारणपणे हेच हेड. अपवाद म्हणजे जागा भाड्याने देणं हाच ज्यांचा मुख्य व्यवसाय आहे ते. चेन्नई प्रॉपर्टीजच्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा कंपनीचं भाडं धंद्याचं मानलं. एखाददुसरा गाळा असलेल्याने त्या निकालाच्या भरवशावर राहू नये.

तुमच्या भावाचं प्रकरण मात्र वेगळं. तो जागा भाड्याने घेऊन पुढे पोटभाड्याने देतो, म्हणजे मालक नाही. त्याचं उत्पन्न 'इतर स्रोत' किंवा धंद्यात जाईल. तीस टक्के विसरा, पण त्याने मूळ मालकाला दिलेलं भाडं खर्च म्हणून वजा होईल. (लीज १२ वर्षं किंवा त्याहून जास्त मुदतीचा असेल तर कायदा त्यालाच मालक धरू शकतो, तेव्हा करारातली मुदत आधी बघा.) मोकळ्या प्लॉटचं भाडंही साधारणपणे 'इतर स्रोत' मध्ये, कारण तिथे इमारतच नाही.

रिटर्न भरताना भाडेकरार आणि घरपट्टीची पावती सीएसमोर ठेवा.