नवी शिळा की जुनी चढाई?

प्रश्न : मी गेली सहा वर्षे बोल्डरिंग, म्हणजे कमी उंचीच्या शिळांवर दोराविना चढाई, करतो. अलीकडे एका जंगलाच्या कडेला मला वालुकाश्माच्या पंधरा-वीस शिळा आढळल्या. त्यांवर कोणी चढल्याची खूण दिसत नाही. तेव्हापासून माझ्या सुट्ट्या शेवाळ घासण्यात आणि काटेकुटे बाजूला करण्यात जातात. सोबती म्हणतात की, एवढ्या वेळात प्रसिद्ध ठिकाणचे चार कठीण प्रॉब्लेम (शिळेवरच्या ठरावीक चढाया) पूर्ण झाले असते आणि माझी चढाईही सुधारली असती. त्यांचे म्हणणे पटते, तरी त्या शिळा सोडवत नाहीत. मी काय करावे?

उत्तर : आपल्या सोबत्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. जी चढाई अनेकांनी केली आहे, तिच्याखाली उभे राहताना ती शक्य आहे एवढे तरी निश्चित असते. त्यामुळे आपण पडलो की कारण स्वतःमध्येच शोधावे लागते. पाय कुठे पडला, कंबर खडकापासून किती दूर राहिली, बोटे घामेजली होती का, याचा हिशेब करावा लागतो आणि त्यातूनच चढाई सुधारते. अनाघ्रात शिळेवर हा आधार नसतो. फिनलंडमधील लापनोर येथे नाले हुक्काताइवाल यांनी ‘बर्डन ऑफ ड्रीम्स’ ही चढाई अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर २०१६ साली पूर्ण केली, तेव्हा ती मनुष्याला शक्य आहे की नाही, हेच कोणाला ठाऊक नव्हते. २०२३ साली विल बोसी यांनी तीच चढाई दुसऱ्यांदा केली. त्यांना होल्डच्या, म्हणजे खडकावरील पकडींच्या, हुबेहूब प्रतिकृतींवर सराव करता आला आणि मुख्य म्हणजे ‘हे होते’ ही खात्री त्यांच्यापाशी होती. तरी एवढ्यावरून त्यांचे यश मी कमी लेखत नाही. प्रथम आरोहकाने सुचवलेली श्रेणी, म्हणजे चढाई किती कठीण आहे याचे माप, हा केवळ प्रस्ताव असतो, आणि तो पारखण्याचे काम नंतर येणारेच करतात. फ्रेड निकोल यांनी स्वित्झर्लंडमधील क्रेशियानो येथे केलेल्या ‘ड्रीमटाइम’ या चढाईला २००० साली ८सी ही अतिशय कठीण श्रेणी सुचवली गेली होती; पुढे चढलेल्यांपैकी काहींनी ती कमी ठरवली.

शिळेत चढाई ‘दिसणे’ हीसुद्धा जुन्या चढायांवरच कमावलेली दृष्टी असते. आपल्या शिळा वालुकाश्माच्या असल्यामुळे फ्रान्समधील फाँतेनब्लोचे उदाहरण विशेष उपयोगी पडेल. तेथे १९४७ पासून रंगीत खुणांचे क्रमबद्ध मार्ग आखले गेले आहेत, आणि अशा मार्गावर दिवसभरात तीस-चाळीस सोप्या शिळा चढल्या की गुळगुळीत उतारावर तळहात कसा बसतो आणि नुसत्या घर्षणावर पाय कसा टिकतो, हे अंगवळणी पडते. असा सराव असलेल्या माणसाला नव्या जागी, इतरांना जिथे कोरा खडक दिसतो, तिथे ओळ, म्हणजे चढण्याचा मार्ग, दिसते.

आता आपल्या शिळांविषयी. ब्रश हाती घेण्यापूर्वी ती जमीन कोणाची आहे याची चौकशी करावी, रीतसर परवानगी घ्यावी, आणि कपारीत पक्ष्यांची घरटी किंवा खडकावर प्राचीन चित्रे नाहीत ना, हे पाहावे. टेक्सासमधील ह्युको टँक्स या नामांकित ठिकाणी खडकांवर प्राचीन चित्रे आहेत. त्यांच्या रक्षणासाठी १९९८ पासून तेथे येणाऱ्यांची संख्या मर्यादित करावी लागली आणि मोठा भाग मार्गदर्शकाविना जाण्यास बंद झाला. शेवाळ काढायचे ते चढाईच्या ओळीपुरतेच, संपूर्ण शिळेचे नव्हे. त्यासाठी नायलॉनचा ब्रश वापरावा. तारेच्या ब्रशने वालुकाश्माचा टणक वरचा थर निघून जातो आणि आतला भुसभुशीत खडक उघडा पडतो. सुटणारी कपची काढणे योग्य, परंतु छिन्नीने पकड कोरणे कदापि नाही. आज जे आपल्याला जमत नाही, ते उद्या दुसऱ्या कोणाला जमेल. माथ्याची तपासणी दोरावरून करावी आणि उतरायची वाट आधीच ठरवून ठेवावी. पावसानंतर मात्र या खडकाला हात लावू नये. पाणी मुरल्यावर वालुकाश्मातील कणांची बांधणी सैल होते, वरून कोरडा दिसला तरी होल्ड तुटतो, आणि तुटलेला होल्ड सर्वांसाठी कायमचा जातो.

तेव्हा माझे मत असे की, शिळा सोडू नयेत, पण सर्व पंधरा-वीस साफ करण्याचा ध्यासही धरू नये. मनाला भिडलेल्या तीन-चार ओळी निवडाव्यात आणि शिळा वाळेपर्यंतच्या सुट्ट्या सोबत्यांबरोबर प्रस्थापित ठिकाणी, शक्यतो लवकर वाळणाऱ्या टणक खडकावर, घालवाव्यात. पहिली ओळ पूर्ण झाली की त्यांना तेथे बोलवावे, पडण्याच्या जागी पॅड (जाड गाद्या) नीट मांडून द्यावेत, आणि आपण कोणत्या पद्धतीने चढलात ते सांगू नये. त्यांची पद्धत वेगळी निघाली, तर श्रेणी लिहिण्यापूर्वी तीही स्वतः करून पाहावी.