म्हाताऱ्या आईवडिलांना आणि मुलांना घेऊन अमेरिकेतल्या रूट ६६ वरून जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिकागोजवळ राहता, मुलं आठ आणि अकरा वर्षांची, आई-बाबा उन्हाळ्यात भारतातून येणार, हातात चौदा दिवस. रूट ६६ पूर्ण करावा का, आणि वाटेतले ते अगडबंब पुतळे, बाटल्या, देवमासे खरंच बघण्यासारखे आहेत की नुसता पोरखेळ?

पूर्ण करायच्या भानगडीत पडू नका. आणि हो, पोरखेळच आहे. पण माझे बाबा त्या पोरखेळापुढं जितका वेळ उभे राहिले तितका ग्रँड कॅन्यनपुढंही राहिले नाहीत. त्याचं कारण सांगतो.

आम्ही सहा जण होतो. मी, बायको, नऊ आणि बारा वर्षांच्या दोन मुली, बाबा एकाहत्तरचे आणि आई बरोब्बर सहासष्टची. (त्यामुळे रस्त्यावर ६६ दिसलं की आजीला त्याखाली उभं करून फोटो काढायचा, हे मुलींचं कामच झालं.) रूट ६६ म्हणजे शिकागोपासून थेट कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या सँटा मोनिकापर्यंतचा जुना रस्ता, २,४४८ मैल, म्हणजे जवळपास ३,९४० किलोमीटर, आणि दिवस पंधरा. रोजचे २६० किलोमीटर, पुणे-कोल्हापूरपेक्षा थोडं जास्त. ऐकायला काहीच वाटत नाही. पण जुना रस्ता प्रत्येक गावाच्या पोटातून जातो, दर वीस मैलांवर कुणीतरी ‘थांबा, फोटो काढायचाय’ म्हणून ओरडतं, आणि सहाव्या दिवशी ओक्लाहोमात आईचे पाय सुजले. टेक्सासचा बराचसा भाग मग आम्ही इंटरस्टेटवरून, म्हणजे नव्या रुंद महामार्गावरून, पळवला आणि तिला मागच्या सीटवर आडवं केलं.

आधी एक समजून घ्या. हा रस्ता आज सलग अस्तित्वातच नाही. १९२६ मध्ये तो आखला, १९३८ पर्यंत सगळा पक्का झाला, आठ राज्यांतून गेला. मग इंटरस्टेट आले आणि एकेक गाव बाजूला टाकत गेले. १९८५ मध्ये ६६ हा नंबर सरकारी यादीतूनच काढून टाकला. आता उरलेत ते तुकडे: कुठं गावचा मुख्य रस्ता, कुठं इंटरस्टेटच्या कडेची सर्व्हिस रोड, कुठं थेट शेतात जाऊन संपणारं डांबर. फोनवरचा नकाशा तुम्हाला दर पाच मिनिटांनी इंटरस्टेटवर ढकलायला बघतो. वळण-वळण सांगणारी छापील पुस्तिका जवळ ठेवा आणि नकाशे आधीच उतरवून घ्या. ओक्लाहोमात मायामी ते ॲफ्टनमध्ये जुन्या रस्त्याचा एक तुकडा फक्त नऊ फूट रुंद आहे. समोरून ट्रॅक्टर आला तर कुणी खाली उतरायचं, हा आपल्याकडचा प्रश्न तिथंही पडतो.

आता बाबांची गोष्ट. कऱ्हाड-कोल्हापूर रस्त्यावर बाबांचं चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं. आजूबाजूला अशी दहा हॉटेलं, सगळ्यांकडं तीच भजी, तीच मिसळ. गाडीवाल्यानं आपल्याच दारात ब्रेक का मारावा? म्हणून बाबांनी गवंड्याकडून सिमेंटची सहा फुटी कपबशी बांधून घेतली आणि पांढऱ्या-लाल ऑइलपेंटनं रंगवली. पाऊस पडला की बशीत पाणी साचायचं आणि गावातली म्हसरं तिथं पाणी प्यायची. एका निवडणुकीत कपबशी हे एका अपक्षाचं चिन्ह निघालं, तेव्हा आचारसंहितेपायी महिनाभर तिच्यावर पोती टाकून ठेवावी लागली. धंदा मात्र चालला. मग चौपदरीकरण झालं, बायपास गावाबाहेरून गेला, आणि दोन वर्षांत हॉटेलला कुलूप.

त्यामुळे इलिनॉयमधल्या विल्मिंग्टनला हातात चंदेरी रॉकेट धरलेला तो हिरवा अंतराळवीर दिसला तेव्हा मुली हसत सुटल्या आणि बाबांनी पहिला प्रश्न विचारला, “हा कुणाच्या हॉटेलचा?” बरोबरच होतं. तो एका खाणावळीनं १९६५ मध्ये आणून उभा केलेला. खाणावळ बंद पडली, २०२४ मध्ये पुतळ्याचा लिलाव झाला, २,७५,००० डॉलर किंमत आली, पण तो त्या गावातच राहिला. आता बागेत उभा आहे. आकडा ऐकून बाबा म्हणाले, “आणि आपली कपबशी फुकट गेली.”

तेव्हापासून आमची नजरच बदलली. या रस्त्यावरची बहुतेक सगळी ‘आकर्षणं’ म्हणजे कुणातरी दुकानदाराची गाडी थांबवायची युक्ती आहे. ॲरिझोनात जॅक रॅबिट नावाचं एक दुकान आहे. पिवळ्या फलकांवर नुसता काळा ससा, मैलोन् मैल ससाच ससा, आणि शेवटी एक भलामोठा फलक: ‘हे बघा, आलं!’ आत गेलं तर टोप्या, मोकासिन म्हणजे मऊ चामड्याचे जोडे, दगड. आम्ही तरी थांबलोच. मिसुरीतल्या मेरामेक गुहेच्या मालकानं तर शेतकऱ्यांच्या कोठारांची छपरं रंगवून जाहिराती केल्या. आपल्याकडं गावातल्या भिंती सिमेंट आणि बियाण्यांच्या कंपन्यांनी रंगवलेल्या असतात ना, तोच प्रकार.

मुलांसाठी थांबायचंच असेल तर माझा कौल ओक्लाहोमातल्या कटूसाच्या निळ्या देवमाशाला. तो धंद्यासाठी बांधलेलाच नाही. ह्यू डेव्हिस हे टल्साच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते. त्यांच्या बायकोला देवमाशांच्या छोट्या मूर्ती जमवायचा नाद, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून तळ्यात ऐंशी फुटांचा काँक्रीटचा देवमासा बांधला, १९७० ते १९७२ अशी दोन वर्षं खपून. जबड्यातून आत शिरायचं. शेपटीवरून पूर्वी पोरं पाण्यात उड्या मारत, आता पोहायला बंदी आहे. आईनं ही गोष्ट ऐकून घेतली आणि बाबांकडं नुसतं बघितलं. बाबा तळ्यातली कासवं मोजायला लागले.

टेक्सासमधल्या अमरिलोची कॅडिलॅक रँच म्हणजे १९७४ मध्ये नाकावर पुरलेल्या दहा कॅडिलॅक गाड्या. तिथं येणारा प्रत्येक जण रंगाचा डबा फवारतो, त्यामुळे पत्र्यावर रंगाचे इंचभर थर चढलेत. मुलींनी नावं लिहिली. बाबांनी डबा हातात घेतला आणि मोठ्या अक्षरांत हॉटेलचं नाव लिहिलं, खाली बाण काढला आणि ‘चहा तयार आहे’. बाण शेताकडं होता. अर्ध्या तासात कुणीतरी त्याच्यावर गुलाबी फासलं असेल, असो. रंगाच्या वासानं माझं डोकं धरलं, आणि जुने बूट घालून गेलात तर बरं, पाऊस पडून गेला असेल तर तिथं गुडघाभर चिखल असतो.

एक थांबा कुठल्याही मजेच्या यादीत बसत नाही, तरी सांगतो. ओक्लाहोमात लूथर गावाजवळ थ्रेट कुटुंबाचा दगडी पेट्रोलपंप आहे. मालक कृष्णवर्णीय. त्या काळात काळ्या प्रवाशांना या रस्त्यावरच्या बहुतेक मोटेलांत खोली मिळत नसे, कित्येक गावांत अंधार पडल्यावर थांबण्याची सोय नव्हती. अशांसाठी हा हक्काचा थांबा होता. मोठी मुलगी म्हणाली, “हे तर फार वाईट.” बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्या लहानपणी हॉटेलात काही लोकांचे कप वेगळे असायचे, बाहेर कोनाड्यात ठेवलेले. ज्याचे त्यानं धुवून परत ठेवायचे.” तिला ते माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मीही तिला कधी सांगितलं नव्हतं. पुढचा तासभर गाडीत त्याच विषयावर बोलणं झालं.

राहायचं कुठं? न्यू मेक्सिकोत टुकमकॅरीला १९३९ सालचं ब्लू स्वॅलो मोटेल आहे, प्रत्येक खोलीला लागून गाडीसाठी छोटं गॅरेज, रात्री निळे-गुलाबी निऑन दिवे. आणि ॲरिझोनात होलब्रुकला विगवॅम मोटेल, काँक्रीटचे पंधरा तंबू. खरं तर विगवॅम म्हणजे वेगळं घर, हा आकार टिपीचा, म्हणजे मूळ अमेरिकन लोकांच्या टोकदार तंबूचा, आणि त्या भागातले नावाहो, होपी हे मूळ रहिवासी टिपीत राहतच नसत. पण मुलींना काय त्याचं. मालक चेस्टर लुईस यांनी १९५० मध्ये हे बांधलं ते दुसऱ्याच्या आराखड्यावरून, आणि आराखड्याचे पैसे असे ठरले: खोल्यांमध्ये नाण्यावर चालणारे रेडिओ ठेवायचे, दहा सेंट टाकले की अर्धा तास गाणी, आणि ती सगळी नाणी आराखडा देणाऱ्याला. बाबा या हिशोबावर फिदा. इंटरस्टेट आल्यावर हेही बंद पडलं होतं, लुईस यांच्या मुलांनी पुन्हा उघडलं. दोन्ही ठिकाणी काही महिने आधी बुकिंग करा.

बाकीच्या रात्री आम्ही साध्या मोटेलांत काढल्या, आणि त्यातली निम्मी तरी गुजराती कुटुंबांची निघाली. न्यू मेक्सिकोतल्या एका मोटेलात काउंटरवरच्या काकींनी आईची साडी बघून न विचारता आल्याचा चहा पाठवला. वर खिचडीही. आई त्या रात्री जी शांत झोपली!

खाण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण शाकाहारी असाल तर हाच खरा प्रश्न आहे. अमरिलोत ७२ औंसांचं, म्हणजे दोन किलोंचं बीफ तासाभरात संपवलं तर फुकट असं हॉटेल आहे. आम्ही बाहेरूनच त्यांची मोठी गाय बघून पुढं गेलो. ओक्लाहोमा-टेक्सासमध्ये तळलेली भेंडी सर्रास मिळते, आईनं चार दिवस तीच खाल्ली. न्यू मेक्सिकोत बीन्स आणि हिरवी मिरची असल्यानं सुटका झाली. (बीन्समध्ये चरबी घालतात का, तेवढं विचारून घ्या.) छोटा इलेक्ट्रिक कुकर, मेतकूट, लोणचं गाडीत असू द्या. फोडणी मात्र खोलीत देऊ नका. आम्ही दिली. अलार्म वाजून सगळं मोटेल पार्किंगमध्ये उभं राहिलं.

विन्स्लोच्या पश्चिमेला उल्कापाताचं विवर आहे, बाराशे मीटर रुंद, १७० मीटर खोल, सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वीचं. तिकीट महाग. बाबा कठड्यावर उभे राहून म्हणाले, “आपलं लोणार याहून मोठं आहे, आणि त्यात पाणी पण आहे.” खरं आहे. बाबा लोणारला कधी गेलेले नाहीत.

आता ॲरिझोनातलं सेलिगमन. तुमच्या चौदा दिवसांतला एक दिवस डोळे मिटून इथं द्या. २२ सप्टेंबर १९७८ ला इंटरस्टेट ४० सुरू झाला आणि गावातली वर्दळ एका दिवसात थांबली. तिथले न्हावी एंजल डेल्गाडिलो यांनी १९८७ मध्ये आसपासच्या लोकांना गोळा करून संघटना काढली, राज्य सरकारच्या मागं लागले आणि सेलिगमन ते किंगमन हा तुकडा ‘ऐतिहासिक’ म्हणून जाहीर करून घेतला. आज जागोजागी दिसणाऱ्या त्या तपकिरी पाट्यांची सुरुवात इथून झाली. त्यांच्या भावानं, हुआन यांनी, १९५३ मध्ये रेल्वेच्या भंगार लाकडातून बांधलेलं स्नो कॅप हे खाण्याचं दुकान अजून चालू आहे. दाराला दोन मुठी, त्यातली एक खोटी. मोहरीच्या बाटलीतून अंगावर पिवळा दोरा उडतो. ‘माफ करा, दुकान उघडं आहे’ अशी पाटी.

बाबांनी गाडीतून उतरून रस्ता दोन्ही बाजूंनी बघितला आणि मला विचारलं, “बायपास किती लांबून गेलाय हितं?” मग ते एकटेच चालत शेवटच्या दुकानापर्यंत गेले आणि परत आले. न्हाव्याच्या दुकानात जुनी खुर्ची आहे, लोकांनी चिकटवलेली व्हिजिटिंग कार्डं आहेत. बाबांनी पाकिटातून हॉटेलचं एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. वीस वर्षं बंद असलेल्या हॉटेलचं कार्ड ते पाकिटात बाळगतात, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यावर फोन नंबर आहे तो पाच आकडी. लावलं तिथं.

तर माझा सल्ला: शिकागोहून निघून इलिनॉयमधले दोन-तीन पुतळे आणि सेंट लुईसचा मधेच वळलेला चेन ऑफ रॉक्स पूल (आता फक्त पायी किंवा सायकलनं, पण पूल मैलभर लांब आहे, आजीआजोबांना निम्म्यातून परत फिरवा) वेगळ्या एखाद्या शनिवार-रविवारी उरका. चौदा दिवसांसाठी विमानानं अल्बुकर्कीला जा, तिथून गाडी घ्या आणि पश्चिमेला निघा. पेट्रिफाइड फॉरेस्ट (दगड झालेल्या झाडांचं रान), होलब्रुक, सेलिगमन, मग डोंगरातलं ओटमन. ओटमनच्या घाटात कठडे नाहीत म्हटलं तरी चालेल. गावात खाणकामगारांच्या गाढवांची पिल्लावळ रस्त्यावर मोकळी फिरते आणि काच खाली केली की डोकं आत घालते. आमच्या धाकटीच्या मांडीवरचा नकाशा एकानं चावून फाडला.

जुलै-ऑगस्ट टाळता आला तर टाळा, मोहावी वाळवंटात म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात. पाण्याचे कॅन ठेवा, पेट्रोल निम्म्यावर आलं की भरा. गाडी एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडण्याचे वेगळे पैसे पडतात, ते आधी विचारा. आम्हाला तो आकडा शेवटी कळला आणि दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही.

सँटा मोनिकाच्या धक्क्यावर ‘रस्ता संपला’ अशी पाटी आहे, फोटोला रांग असते. ती पाटी तिथं २००९ मध्ये लावलीय. खरा शेवट आत लिंकन आणि ऑलिम्पिक या दोन रस्त्यांच्या चौकात होता. मी हे बोललो ती चूक केली. बाबा रांगेतून बाहेर पडले, म्हणाले, “मग तिकडं चल.” आई म्हणाली, “आधी चहा.”