'सामंजस्याने ठरवू' एवढ्यावर सही करू नका

प्रश्न : आम्ही दोघं गेले चौदा महिने वेगळे राहतो आहोत. भांडण नाही, आरोप नाहीत. संसार जमला नाही, एवढंच. आता परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज करायचा आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा चार. दोघं माझ्याकडे राहतील, हे त्यांनाही मान्य आहे. मला नोकरी आहे, म्हणून 'मला काही नको' असं लिहून द्यायचं मनात आहे. मुलांचा खर्च 'लागेल तसा देईन' म्हणतात, आणि ते शब्दाचे पक्के आहेत. मग 'मुलांबाबत उभयतां सामंजस्याने ठरवू' एवढं लिहिलं तर चालेल ना? आकडे, वार, वेळा घालून आमच्यातला चांगुलपणा कशाला नासवायचा? आणि मुलीला कधी सांगायचं?
– एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र वाचून आधी बरं वाटलं, मग ते 'सामंजस्याने' वाचलं आणि काळजी वाटली. कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून मी बावीस वर्षं काम केलं. हसतमुखाने सह्या करून गेलेली जोडपी दोन-तीन वर्षांनी परत माझ्यासमोर बसलेली मी पाहिली आहेत, आणि पुष्कळदा वाद एखाद्या मोघम वाक्यावरून पेटलेला असायचा.

एका जोडप्याच्या संमतीच्या अटींत लिहिलं होतं, 'वडील मुलाला सुट्टीत भेटतील.' वडिलांच्या मते सुट्टी म्हणजे दर रविवारसुद्धा. आईच्या मते दिवाळीची आणि मे महिन्याची. दोघंही खोटं बोलत नव्हते, सही करताना प्रत्येकाच्या डोक्यात आपापली सुट्टी होती. सात वर्षांचा मुलगा दाराबाहेर बाकावर मांडीवर दप्तर घेऊन बसला होता. दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळायचा, सोडायचा, परत गुंडाळायचा. आतला आवाज चढला की पट्टा आवळला जायचा आणि बोटाचं टोक पांढरं पडायचं. ते बोट मी विसरलेली नाही. म्हणून सांगते, आज तुम्ही दोघं नीट बोलू शकता, तर आजच सगळं लिहून काढा. उद्या कोणाची बदली होईल, कोणी दुसरं लग्न करेल, तेव्हा हेच बोलणं अवघड होऊन बसेल.

तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं आहे असं धरते. कलम १३ब नुसार किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, ती अट तुमची पूर्ण झाली आहे. अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. मुलांचा ताबा, पोटगी हे सगळं खरोखर मिटलेलं असेल, तर न्यायालय ही मुदत माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. म्हणजे अटी नेमक्या लिहिण्याचा असाही फायदा आहे. त्या अटी हुकूमनाम्याचा भाग होतात, त्यामुळे मोडल्या तर अंमलबजावणी मागता येते. तोंडी शब्दाला, तो कितीही पक्का असला तरी, ते बळ नाही.

आता 'मला काही नको'. स्वतःपुरतं हे जरूर लिहा. पण मुलांच्या वतीने तुम्ही काही सोडून देऊ शकत नाही, कारण तो हक्क तुमचा नाहीच, मुलांचा आहे. तुमचा पगार हिशेबात येईल, तो यावाच. पण त्यामुळे वडिलांचा वाटा शून्य होत नाही. २०२० पासून पोटगीच्या दाव्यांत दोन्ही बाजूंना मिळकत, खर्च आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तुमच्यात दावा नाही, तरी तोच नमुना घेऊन दोघांनी आपापला भरा आणि एकमेकांना दाखवा. मग आकडा मागावा लागत नाही, समोर दिसतो.

रक्कम कोणत्या तारखेला, कोणाच्या खात्यात, दरवर्षी किती टक्के वाढ, हे लिहा. शाळेची फी त्यांनी थेट शाळेत भरावी, मासिक रकमेत मिसळू नये. आरोग्य विम्यात मुलांची नावं कोण ठेवणार, विम्याबाहेरचा दवाखान्याचा खर्च कसा वाटायचा, तेही लिहा. सगळ्यात जास्त राहून जातं ते अठरानंतरचं शिक्षण. मुलगा सज्ञान झाला की वडिलांची कायदेशीर जबाबदारी साधारणपणे संपते. मुलगी अविवाहित असेल आणि स्वतःच्या मिळकतीवर राहू शकत नसेल, तर तिची पुढेही राहते. पण कॉलेज सुरू होतं नेमकं अठराच्या आसपास. दोन्ही मुलांचं पदवीपर्यंतचं शिक्षण अटींत घालाच.

मुलगा चारचा आहे, म्हणून हेही सांगते. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, असं कायदा म्हणतो. पण पाच पूर्ण झाली की ते आपोआप वडिलांकडे जातं, हा निव्वळ गैरसमज आहे. मुलाचं हित कशात, हाच प्रश्न सगळ्यात वरचा. आणि ताबा तुमच्याकडे आला म्हणून ते पालक राहत नाहीत असं नाही. शाळा बदलणं, पासपोर्ट, शस्त्रक्रिया यांत दोघांचं मत कसं घ्यायचं ते ठरवा. भेटीचे वार, आणायची-सोडायची वेळ, सुट्ट्यांची वाटणी आणि भेटीशिवायचे व्हिडिओ कॉलही. परिस्थिती बदलली तर कलम २६ खाली न्यायालयाकडून अटी बदलून घेता येतात, त्यामुळे लिहून अडकून पडू ही भीती नको.

एक वाक्य माझ्यासाठी घाला: पैसे थकले म्हणून भेट अडवायची नाही, आणि भेट चुकली म्हणून पैसे थांबवायचे नाहीत.

मुलीला अर्ज करण्याआधी सांगा, दोघांनी एकत्र बसून, मुलाच्या समोर नको. त्याला वेगळं, त्याच्या भाषेत. 'तू कोणाकडे राहशील?' हा प्रश्न तिला घरात कोणीही विचारायचा नाही, आजी-आजोबांनीही नाही. ती बहुधा रडणार नाही, काहीतरी बारीकसं विचारेल: माझा कंपास कुठे राहणार, चित्रांची वही कुठे. त्याआधीच वडिलांच्या घरातल्या कपाटाचा एक खण रिकामा करून ठेवायला सांगा आणि त्याच दिवशी तिला नेऊन तो दाखवा.