मासे ठणठणीत, नायट्रेट भरपूर, पीएच ७.८, तरी घरातल्या ॲक्वापोनिक्समध्ये (माशांच्या टाकीतल्या पाण्यावर रोपं वाढवण्याच्या पद्धतीत) नवी पानं पिवळी का?

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर रोपांना लोह मिळत नाहीये. माशांच्या खाद्यात लोह मुळात कमी, आणि पीएच ७ च्या वर गेला की असलेलंही मुळांना शोषता येत नाही. जुन्या पानांतलं लोह नव्या पानांकडे सरकत नाही, म्हणून शेंडा आधी पिवळा पडतो. चिलेटेड लोह घाला, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून ठेवल्यामुळे पाण्यात विरघळलेलं राहणारं लोह; लिटरला साधारण २ मिलिग्रॅम, तेही पावडरचं वजन नव्हे, त्यातल्या लोहाचं. पीएच ७.८ ला त्यातला ईडीटीए प्रकार वाया जातो, डीटीपीएही जेमतेम ७.५ पर्यंत टिकतो, ईडीडीएचए घ्या. पाणी लालसर होईल, घाबरू नका, पण रंग बघून करायच्या चाचण्या त्यात फसतात, म्हणून त्या आधी उरकून घ्या. सुधारणा नव्या फुटीवर बघा.

पीएच एवढा का, तेही शोधा: रोपं लावलेल्या खड्यांच्या बेडमधला एक खडा धुऊन त्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तो चुनखडीचा आहे, आणि तो काढेपर्यंत कितीही ॲसिड ओता, पीएच परत चढणार. उतरवायचाच तर हळूहळू, एका दिवसात उडी नको. मासे आणि बॅक्टेरिया दोघांनाही ती झेपत नाही.

मात्र पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला असेल तर लोहाने काही होणार नाही. तिथे मॅग्नेशियमचा संशय घ्या.