लग्नाच्या फोटोत माझं हसू ओढूनताणून आणल्यासारखं का दिसतं? (जळगाव)

कारण फोटोग्राफरने "हसा" म्हटल्यावर ओठ हसतात, डोळे तसेच राहतात. गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला झायगोमॅटिकस मेजर हा स्नायू कोपरे वर खेचतो आणि तो आपल्या हुकमात असतो. डोळ्याभोवतीचा ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युली मात्र बऱ्याच जणांचं ऐकत नाही. मनापासून हसलो की तो आपोआप आवळतो, गाल वर चढतात, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी चेहऱ्यावर विजेचा प्रवाह सोडून १८६२ मध्ये हा फरक मांडला होता. पटत नसेल तर हिवाळ्यातल्या शेतावरच्या भरीत पार्टीत कोणी नकळत काढलेला तुमचा फोटो शेजारी ठेवून बघा. काहींना डोळेही मुद्दाम हसवता येतात, म्हणून नुसत्या सुरकुतीवरून हसू खरं की खोटं, असा निवाडा करू नका (सासरच्यांच्या फोटोंबाबत तर नकोच). पुढच्या वेळी कॅमेऱ्यामागे एखादा वात्रट मित्र उभा करा. बाकी मुद्दाम हसण्यातही थोडा फायदा आहे: १९ देशांतल्या लोकांवर केलेल्या, २०२२ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात त्याने मूड किंचित सुधारलेला दिसला.