निकालाचा फलक शेवटी बघ

भाऊ, चोपड्यात नवीन आलास, पोरीला आठवीत घालायचंय. फाटकावरच्या '१०० टक्के निकाल' फलकाला भुलू नकोस. नववीच्या पटावर किती होती आणि दहावीला शाळेतर्फे किती बसली, ते आधी विचार. कच्च्या पोरांना १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म भरायला लावला की निकाल आपोआप चकचकीत होतो. माझ्या पुतण्याचं तसंच झालं.

कापूस वेचणीच्या दिवसांत एक चक्कर मार. बरेच बाक रिकामे दिसतील. पण गैरहजर पोरांच्या घरी सर जात असतील, तर पडक्या कंपाउंडकडे खुशाल दुर्लक्ष कर. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्यांवर बोट फिरव, धुळीवरून कळेल. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे का, तेही. आणि गणिताची जागा रिकामी आहे का, हे शिपायाला विचार. हेडसर चहा पाजून विषय बदलतील.