पाळीचं तिच्याच तोंडून ऐक

प्रिय डॉक्टर,

काल राउंडला ११ नंबरच्या खाटेपाशी तू गप्प झालास. सगळ्यांसमोर मी काही बोललो नाही. केसपेपरवर तुझ्याच अक्षरात होतं, ‘पाळी नियमित.’ बाई ५८ वर्षांची. बेंबीखालच्या ज्या उभ्या व्रणातून तिचा हर्निया बाहेर येतोय, तो व्रण गर्भपिशवी काढल्याचा आहे. त्याच व्रणावर हात ठेवून तू तिला खोकायला लावलंस, फट किती बोटांची आहे ते बरोबर लिहिलंस. मग रात्री तुझा मेसेज आला, ‘सर, शेजारच्या खाटा, सासू, नणंद, सगळे कान देऊन असतात. माझं तोंडच उघडत नाही. आणि सर्जरीच्या केसला हे एवढं लागतं का?’

पहिलं वाक्य वाचून तुझी माया वाटली. शेवटच्यानं माझी झोप उडाली.

लागतं. प्रत्येकीला लागतं. आणि ते तिच्याच तोंडून, ती एकटी असताना.

१९९१ चा पावसाळा, धानाच्या रोवणीचे दिवस. मी हाऊसमन, म्हणजे वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर होतो. तिशीतली बाई बांधीत चक्कर येऊन पडली म्हणून रात्री बैलबंडीतून आणली. उजवीकडे ओटीपोटात दुखणं, दोन उलट्या. मी विचारलं तिला, उत्तर दिलं सासूनं. “पाळी बराबर हाय जी, आन् आपरेशन झालं तिचं.” मी तसंच लिहिलं. ती मधेच म्हणाली, “खांदा लय दुखते जी.” पऱ्ह्यांच्या पेंड्या उचलून दुखत असेल, असं मी धरलं. अपेंडिक्स म्हणून सकाळी पोट उघडलं तर आत रक्तच रक्त. बीजनळीत राहिलेला गर्भ फुटला होता. ते रक्त छाती-पोटामधल्या पडद्याखाली साचून खांद्यात दुखत होतं, हे मला पुस्तकातून पाठ होतं. जिल्ह्याहून रक्ताची बाटली येईपर्यंत ती गेली. व्हरांड्यात तिची बहीण सांगत होती, दीड महिन्यापासून पाळी चुकली होती, तिनं फक्त मलेच सांगतलं होतं.

तेव्हा सगळ्यांनी माझी समजूत घातली. सोनोग्राफी नव्हती, रक्तपेढी नव्हती, रात्रीचे दोन वाजले होते. सगळं खरं. पण सोनोग्राफी नव्हती म्हणूनच तर विचारायचं होतं! सासूला “जरा चहा घेऊन या, माय” म्हणून पाच मिनिटं बाहेर पाठवायला कोणतं यंत्र लागत होतं?

नसबंदीनंतर दिवस जाणं दुर्मीळ आहे, पण गेले तर गर्भ नळीत असण्याची भीती मोठी. म्हणून ‘ऑपरेशन झालंय’ ऐकून थांबायचं नाही, उलट तिथून पुढे जास्त विचारायचं. आणि दिवस गेलेत का, यासाठी लघवीची तपासणी करायचीच. ती कशाची आहे हे तिला आधी सांग. निकालही तिलाच सांग, वॉर्डभर ओरडून नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी, १९८९ साली, डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, १०० पैकी ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या १०० मध्ये जेमतेम ८. मी तो वाचला होता, परीक्षेपुरता. त्या ९२ जणी माझ्याच वॉर्डात हर्निया, पित्ताचे खडे, मूळव्याध घेऊन झोपलेल्या आहेत हे डोक्यात आलंच नाही. त्यांना गायनॅकच्या वॉर्डात कुणी नेत नाही रे. त्या आपल्याकडेच येतात.

पोट दुखतं म्हटलं की तू सिकलसेलचं, त्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं विचारतोस. विदर्भात शिकलास, ते तुझ्या अंगात भिनलंय. मग पाळीनं काय घोडं मारलंय?

कसं विचारायचं, ते सांगतो. उभ्यानं विचारू नकोस. स्टूल ओढ, पडदा लाव, सिस्टरला सोबत ठेव. नातेवाइकांना बाहेर काढताना ओशाळू नकोस. लेकरांपासून सुरुवात कर. किती, धाकटं केवढं, मधे एखादं पडलं का. आपल्याकडे बाई ‘ऑपरेशन’ म्हणते तेव्हा बहुतेक वेळा नसबंदी असते आणि ‘पिशवी काढली’ हे निराळं, तेव्हा कोणतं ते विचार. पिशवी काढली असेल तर कोणत्या वर्षी, कशासाठी, कागद आहे का. तारीख आठवत नसेल तर पोळा धर, महालक्ष्म्या धर. “तान्ह्या पोळ्याच्या आधी डोक्यावरून पाणी घेतलं का नंतर?” असं विचारलं की दिवस मोजून सांगतात. अंगावरून पांढरं जातं का, लाल जातं का, अंग खाली येतं का, पाळी आणायला मेडिकलमधून गोळ्या घेतल्या का. एवढंच. पाच मिनिटं लागतात.

आणि लाज तुझी आहे, डॉक्टर. त्यांची आहे असं तू परस्पर ठरवून टाकलंस. एका बाईच्या सिझरच्या टाक्याशेजारी गाठ होती. बाहेर दोनदा ‘टाक्यात पू’ म्हणून चिरलेली. मी विचारलं, केव्हा दुखते? ती लगेच म्हणाली, “महिन्याच्या महिन्याले जी, पाळी आली का फुगते.” पिशवीचं अस्तर टाक्यात रुजलं होतं. गाठ पूर्ण काढली, पुन्हा आली नाही. निघताना म्हणाली, “इतक्या दिवसात कोनं इचारलंच नाई.” चौदा वर्षांची एक पोर लघवी अडली म्हणून तिसऱ्यांदा आली होती. दर वेळी नळी घालून घरी. पाळी आली का, हे एकानंही विचारलेलं नव्हतं. आली नव्हती, पाळीची वाट बंद होती आणि आत रक्त साचून गोळा झाला होता.

तेव्हापासून माझा नियम आहे. जीव वाचवायची घाई नसेल तर पाळीचा रकाना तिच्या तोंडून भरल्याशिवाय बाई टेबलावर जाणार नाही. यावरून भांडणं झाली. यादी रखडते म्हणून माझ्याविरुद्ध वर लेखी तक्रार गेली, भूलतज्ज्ञ महिनाभर बोलले नाहीत. अडेल म्हणाले. मी बदललो नाही आणि आजही म्हणतो, माझंच बरोबर होतं. बैलबंडीतून आलेल्या त्या बाईचा केसपेपर त्यांनी भरलेला नव्हता, मी भरला होता.

तुझ्यावर चिडलोय असं समजू नकोस. तुझा हात चांगला आहे, रात्री तीनला उठवलं तरी तोंड वाकडं करत नाहीस. म्हणूनच ‘नियमित’ हा शब्द तुझ्या अक्षरात बघवला नाही. येत नसेल तर रकाना कोरा ठेव, मी चालवून घेईन. न विचारता भरलेला चालणार नाही.

११ नंबरचं ऑपरेशन गुरुवारी आहे. उद्या दुपारी तिची सून डबा आणायला घरी जाते, तेव्हा जा. मी काल राउंडनंतर तिच्यापाशी बसलो होतो, ती बरंच बोलली. तातडीचं काही नाही, म्हणून मी पेपरवर काही लिहिलेलं नाही. तुझा ‘नियमित’ तेवढा खोडलाय. पुढची जागा मोकळी आहे.

तुझा,
सर